पाऱ्याच्या डोंगराची मसलत

डोंगर चढावा ज्याने त्याने आपापल्या गुडघ्यांच्या कुवतीप्रमाणे, पण चढण्याचा बेत मात्र सर्वांनी मिळून करावा, अशी आपल्या समाजाची जुनी वहिवाट आहे. आणि सॅन होजेसारख्या दूरच्या शहरी येऊन स्थायिक झालेली मराठी कुटुंबे पाटा-वरवंटा, पंचांग आणि दुपारची झोप या तिन्हींचा त्याग करूनही ही वहिवाट अबाधित राखून आहेत, हे मी मुलीच्या घरच्या मुक्कामांत स्वतः पाहिले आहे. महसूल खात्यात हयात घालविलेल्या माणसाला मसलत, तजवीज, तपशील आणि तहकुबी यांचा तिटकारा असणे शक्य नाही. तरीही पाच मैलांची एक फेरी ठरविण्यासाठी या घरांतून जेवढा पत्रव्यवहार होतो, तेवढा आमच्या कचेरीत अख्खे गाव धरणाखाली जाताना सुद्धा होत नसे.

या मसलतीचा विषय बहुतकरून एकच असतो. शहराच्या दक्षिणेस सँटा क्लारा काउंटीच्या ताब्यात अल्माडेन क्विकसिल्व्हर नावाचे पार्क आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा समजावा; तिच्या कारभारावर कलेक्टर नसून लोकांनी निवडून दिलेले पाच सुपरवायझर असतात, आणि तरीही (हे मी नाइलाजाने नमूद करतो) कारभार चालतो. चार हजार एकरांहून मोठा मुलूख, पस्तीस मैलांहून अधिक पायवाटा, मधोमध सुमारे १७०० फूट उंचीची माइन हिल, आणि दोन अंगांना ग्वादालुपे व अल्माडेन ही दोन धरणे, म्हणजे सकाळी निघून दुपारच्या जेवणाला घरी परतावे असा सर्व सरंजाम तेथे आहे. १७०० फूट हा आकडा ऐकताच पुण्याहून आलेला प्रत्येक पाहुणा सिंहगडाचे नाव काढतो, आणि आपण सिंहगड पायी शेवटचा कधी चढलो हा तपशील मात्र गाळतो.

वाद पेटतो तो ऋतूवरून. सह्याद्री आषाढ-श्रावणात हिरवा होतो आणि वैशाखात करपतो, हे ज्ञान आपल्या हाडीमाशी इतके खिळलेले असते की, कॅलिफोर्नियातला पाऊस नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होऊन एप्रिलात आटोपतो, टेकड्या हिरव्या होतात त्या थंडीत, आणि ऐन जून-जुलैत त्या वाळल्या गवताच्या रंगाने उभ्या असतात, ही गोष्ट दरवर्षी नव्याने पटवून द्यावी लागते. त्यात आणखी गुंता असा की, आमच्यासारखे आईबाप लेकीसुनांकडे येतात ते थंडी चुकवून. म्हणजे डोंगर पाहण्याजोगा असतो तेव्हा पाहुणे नसतात, आणि पाहुणे असतात तेव्हा डोंगरावर उन्हाशिवाय काही नसते. यावर तोडगा म्हणून सकाळी लवकर निघण्याचा ठराव प्रत्येक बैठकीत एकमताने संमत होतो. 'लवकर' म्हणजे किती वाजता, हे कलम प्रत्येक बैठकीत पुढील बैठकीकडे सोपविले जाते.

आमचे जावई नकाशावाले. ते जेवणाच्या टेबलावर समोच्च रेषांचा नकाशा पसरतात, चष्मा कपाळावर चढवितात, आणि रेषा कुठे दाट आहेत व कुठे विरळ, हे अशा गांभीर्याने सांगू लागतात की, ऐकणाऱ्याला दिल्लीवर स्वारी आहे असे वाटावे. त्यांचा सर्व भरवसा विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकावर आहे. या गृहस्थाने १८९२ साली एक हिशेब घालून दिला: दर तीन मैलांस एक तास, आणि दर २००० फूट चढाईस आणखी एक तास. हा हिशेब बैठकीत मांडला जाताच, ज्यांची सून आमच्याच गल्लीत राहते त्या सोलापूरच्या निवृत्त हेडमास्तरांनी तो ताबडतोब दुरुस्तीला घेतला. त्यांचे म्हणणे असे की, नेस्मिथ एकटा चालत असला पाहिजे. त्याच्याबरोबर त्याची बायको, बायकोची मैत्रीण आणि त्या मैत्रिणीचे सासरे नसावेत. म्हणून दर मैलाला छायाचित्रांची दहा मिनिटे धरावी. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबामागे पंधरा मिनिटे धरावी. आणि त्या कुटुंबाचे मूळ गाव बार्शी किंवा पंढरपूर निघाल्यास सरसकट अर्धा तास धरावा. या सुधारित सूत्राप्रमाणे पाच मैलांची फेरी संध्याकाळच्या चहापर्यंत पुरत होती. जावयांनी नकाशाची घडी घातली, पण ती जुन्या घड्यांवर बसली नाही.

वाटांची निवड हे प्रकरण मात्र खरोखर विचार करण्याजोगे आहे, आणि त्या बाबतीत मी जावयांच्या बाजूचा आहे. मॉकिंगबर्ड हिलच्या फाटकातून आत शिरल्यावर डोंगराच्या उत्तर अंगाने तीन वाटा जातात. हॅसिएन्डा ट्रेल ही त्यांतली उर्मट. ती सरळ चढते, सरळ उतरते, पुन्हा चढते, आणि मोठ्या कष्टाने मिळविलेली उंची पुढच्याच उतारावर गमावून बसते. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाला असला व्यवहार मानवत नाही. न्यू अल्माडेन ट्रेल झाडीतून, ओक आणि बे लॉरेलच्या सावलीतून वळसे घेत जाणारी अरुंद वाट, एकामागून एक चालणाऱ्यांसाठी योग्य, म्हणजेच गप्पा मारणाऱ्यांसाठी गैरसोयीची. तिसरी रॅन्डॉल ट्रेल. १८७० पासून पुढे वीसेक वर्षे खाणीचा कारभार ज्याने पाहिला त्या मॅनेजराचे नाव तिला आहे, आणि ती मॅनेजराच्याच स्वभावाची आहे: रुंद, सावकाश, आणि कुठल्याही गोष्टीला थेट न भिडणारी. डोंगराच्या प्रत्येक घळीत ती आत शिरते आणि पलीकडच्या अंगाने बाहेर पडते. त्यामुळे समोरच्या काठावर, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर दिसणारा माणूस गाठायला मोजून पाच मिनिटे लागतात, आणि तोपर्यंत तो पुढच्या घळीच्या पलीकडे पोचलेला असतो. हेडमास्तर याच वाटेवर रुळले. पुढच्याला गाठण्याची आशा सोडली की रॅन्डॉल ट्रेल फार सुखाची आहे, असा त्यांचा अभिप्राय मी ऐकला आहे.

बेतात सर्वांत मोठा वाटा असतो तो जे येणार नाहीत त्यांचा. हे मला प्रथम विचित्र वाटे, पण विचारांती त्यातील न्याय पटला. चालण्याच्या कामी वय, वजन, रक्तदाब आणि पायांतले बूट यांवरून माणसामाणसांत भेद पडतो. बेताच्या कामी कसलाही भेद नाही. ज्यांच्या दोन्ही गुडघ्यांचे ऑपरेशन झाले आहे त्या काकू सोफ्यावरून न हलता मोहिमेच्या मुदपाकखान्याचा संपूर्ण बंदोबस्त ठरवितात, आणि त्यांच्या शब्दाबाहेर जाण्याची हिंमत नकाशावाल्यांतही नसते. दशम्या घ्यायच्या की थालीपिठे, यावर दोन तट पडले असता, "दशम्या चार दिवस टिकतात," एवढे एकच वाक्य बोलून त्यांनी तो वाद मिटविला. पाच मैलांच्या फेरीला चार दिवस टिकणारे अन्न कशाला, असे विचारण्याचे कोणाच्या मनात आले असेल तर त्याने ते बोलून दाखविले नाही. शेंगदाण्याची चटणी, ताकाचा थर्मास, ओल्या नॅपकिनात गुंडाळलेल्या काकड्या, आणि 'असू दे' या सदराखाली ऐन वेळी पिशवीत शिरलेला चिवड्याचा डबा, अशी यादी पुरी होत आली, तेव्हा टेबलाखाली बसून रंगवीत असलेल्या आमच्या नातीने डोके वर काढले आणि विचारले, "आजोबा, तिथे बाथरूम आहे का?" सबंध बैठकीत विचारला गेलेला हा एकच खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर, फाटकापाशी आहे आणि पुढे भरवसा नाही, असे निघताच ताकाचा थर्मास लहान आकाराचा घेण्याचे ठरले.

पार्काच्या फाटकावर जे फलक असतात त्यांची छायाचित्रे कोणीतरी आधीच आणून ठेवलेली असतात, आणि त्यांचे वाचन हा बैठकीतला भयरसाचा भाग. पुमा दिसल्यास पळू नये, हात उंच करून आपण आहोत त्याहून मोठे दिसावे, मोठ्याने ओरडावे, लहान मुलांना उचलून घ्यावे, असा त्यांत हुकूम आहे. त्यावर कोल्हापूरच्या वहिनी आपल्या यजमानांकडे एक दृष्टिक्षेप टाकून म्हणाल्या, "मोठं दिसायचं काम आमच्याकडे आपोआप होईल, ओरडायचं मी बघते." खुळखुळ वाजणाऱ्या सापाविषयी सर्वांचे समाधान असे की, तो निदान वाजतो तरी, आपल्याकडचा फुरसे-घोणसांचा अनुभव असलेल्यांना ही सूचना देण्याची पद्धत सुसंस्कृतपणाची वाटते. खरी धास्ती घ्यावी ती पॉयझन ओकची. पळसाला पाने तीनच, असे म्हणून आपण जगाकडे फार आश्चर्याने पाहण्याचे टाळतो; या झुडपालाही पाने तीन-तीनच, पण त्यांच्या तेलाचा स्पर्श झाला की आठवडा-दोन आठवडे अंगाची आग आणि खाज थांबत नाही. थंडीत त्याची पाने गळतात, आणि मग उघड्या काड्या ओळखण्याची काही सोय राहत नाही. त्या काड्याही तेवढ्याच बाधक असतात. वाट सोडू नये, हा नियम सुपरवायझरांनी केला असला तरी त्याची अंमलबजावणी हे झुडूप करते.

येथवर मी सहसा मौन पाळतो. पण या डोंगराचा दाखला निघाला की मला बोलल्यावाचून राहवत नाही, कारण हा नुसता डोंगर नाही, हे एक गाजलेले जमिनीचे प्रकरण आहे. ओहलोनी नावाचे मूळ रहिवासी येथील तांबड्या मातीने अंग रंगवीत. १८४५ साली, म्हणजे हा मुलूख मेक्सिकोच्या अमलाखाली असताना, आंद्रेस कास्तियेरो नावाच्या कप्तानाने ती माती पाहिली, तिची परीक्षा केली, आणि तिच्यातून पारा निघतो हे ताडले. ते हिंगूळ होते. त्याने रीतसर अर्ज करून खाणीवर हक्क नोंदविला. पुढे सोन्याची लाट आली, सोने वेगळे काढायला पारा लागे, आणि उत्तर अमेरिकेत याहून अधिक पारा दुसऱ्या कोणत्याही खाणीने दिला नाही. तेव्हा हक्काच्या कागदांना पाय फुटले नसते तरच नवल. मुलूख अमेरिकेकडे गेला, सरकारने कास्तियेरोच्या सनदेवर हरकत घेतली, आणि १८६३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. त्याच वर्षी, देशात यादवी युद्ध पेटलेले असताना, खुद्द अध्यक्ष लिंकनसाहेबांनी खाण ताब्यात घेण्याचा हुकूम सहीनिशी काढला. सरकारी माणसे जप्तीला गेली, तर खाणीवरच्या लोकांनी ताबा देण्याचे साफ नाकारले. आज ही खाण गेली, उद्या आमची जाईल, म्हणून सबंध कॅलिफोर्नियात खाणमालकांची ओरड झाली. आणि लिंकनसाहेबांनी हुकूम मागे घेतला. अखेर रोख रकमेवर तडजोड होऊन खाण दुसऱ्या कंपनीकडे गेली. ज्यांनी गुलामगिरी उठविली त्यांना एका डोंगराची जप्ती उठवावी लागली, हे ऐकून माझ्या जुन्या खात्यातल्या कोणाही माणसाचे मन थोडे हलके व्हावे. पण ही हकीकत मी हुकूम काढण्याच्या तारखेपर्यंत आणतो न आणतो तोच मुलगी म्हणते, "बाबा, चहा घेता ना?" आणि प्रकरण तहकूब होते.

धरणांविषयी बोलायला मला अशी आडकाठी नसते, कारण पाणी हा विषय पुण्याच्या माणसाकडून कोणी काढून घेऊ शकत नाही. जुलैत वर्तमानपत्र हाती येताच जो पहिल्याने खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर यांचे टक्के वाचतो, तो परदेशी जलाशयाच्या काठी उभा राहून निसर्गसौंदर्य पाहत नाही; तो विचारतो, "किती टक्के भरलंय?" ग्वादालुपे आणि अल्माडेन ही दोन्ही धरणे १९३५ सालची. मी ती प्रथम पाहिली तेव्हा शहराच्या नळांसाठी असतील असा माझा तर्क होता, पण त्यांचे मूळ कारण फार निराळे आहे. या खोऱ्यात त्या वेळी फळबागा होत्या, बागाईतदार विहिरींतून अतोनात पाणी उपसत, आणि उपशामुळे जमीनच खचू लागली. सॅन होजे शहराचा मध्यभाग विसाव्या शतकाच्या सुमारे साठ वर्षांत तेरा फुटांच्या आसपास खाली गेला. म्हणून थंडीतला पाऊस डोंगरात अडवायचा, उन्हाळ्यात तो ओढ्यांतून हळूहळू सोडायचा, आणि जमिनीत मुरू द्यायचा, अशी योजना झाली. म्हणजे आमचा पाझर तलावच! १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या कामांवर ज्याने असल्या तलावांची मस्टरे तपासली आहेत, त्याला ग्वादालुपेच्या काठी उभे राहून परका मुलूख वाटत नाही. फक्त हजेरीपट कोणाकडे आहे एवढे विचारावेसे वाटते.

या जलाशयांत मासे आहेत आणि ते धरण्यास मनाई नाही. मनाई आहे ती खाण्यास, कारण खाणीतला पारा ओढ्यांच्या वाटे पाण्यात आणि पाण्यातून माशांत उतरलेला आहे. धरलेला मासा पुन्हा सोडून द्यावा, असा फलक काठावर आहे. मालवणहून मुलाकडे आलेले एक गृहस्थ तो फलक वाचून कितीतरी वेळ गप्प उभे होते. मग म्हणाले, "धरायचा नि सोडायचा, ह्याला मासेमारी म्हणत नाहीत. ह्याला चौकशी म्हणतात."

प्रत्यक्ष चालण्याविषयी सांगण्यासारखे फारसे नसते, आणि चांगल्या बेताचे ते लक्षण आहे. ठरलेल्या वेळेनंतर बऱ्याच वेळाने मंडळी मॉकिंगबर्ड हिलच्या फाटकापाशी जमतात; गाड्यांतून पिशव्या उतरतात; कोण कोणाबरोबर चालणार याची वाटणी पहिल्याच वळणावर मोडते. बे लॉरेलचे एखादे पान वाटेवर पडलेले असते, कोणी तरी ते चुरगाळून हुंगते, आणि मसालेभात शिजत असल्यासारखा उग्र वास सुटताच "अगं, हे तमालपत्रच की," असे म्हणत चारी दिशांनी हात फांद्यांकडे जातात. पार्कात काहीही तोडण्यास बंदी आहे, हे हेडमास्तर मागून शाळेच्या सुरात सांगतात, पण तोपर्यंत ते तिसऱ्या घळीत असतात. वर माथ्याकडे जावे तसा समोर उमुनम पर्वत दिसू लागतो, आणि त्याच्या शिखरावर काँक्रीटचा एक प्रचंड चौकोनी ठोकळा. ती पाण्याची टाकी आहे असा निर्णय मंडळी विनाविलंब देतात. वस्तुतः तो हवाई दलाच्या जुन्या रडार ठाण्याचा अवशेष आहे, आणि ते ठाणे १९८० मध्येच बंद झाले; परंतु मराठी माणसाने उंचावर बांधलेली चौकोनी वस्तू एकदा टाकी ठरविली की तिच्यावर अपील नसते. वाटेत इंग्लिश कॅम्प लागतो; तेथे कॉर्नवॉलहून आलेले खाणकामगार राहत, आणि मेक्सिकन कामगारांची वस्ती डोंगरावरच पण वेगळी होती. आता तेथे पडकी घरे आणि ओकच्या सावल्या उरल्या आहेत. दशम्या सोडायला ही जागा उत्तम. तेथे हमखास दुसरे एखादे मराठी कुटुंब भेटते, मूळ गावाची विचारपूस होते, आणि दशमीचा दुसरा तुकडा संपायच्या आत दोन्ही कुटुंबांची पुढच्या महिन्याची मसलत सुरू झालेली असते. या खेपेस विषय कॅलेरो, म्हणजे शेजारचेच दुसरे पार्क, तेही जलाशयासकट.

ज्यांच्या घरी अशी मसलत सुरू असेल त्यांच्यासाठी माझा अभिप्राय थोडक्यात नोंदवितो. फेब्रुवारी-मार्चात जावे, गवत हिरवे असते आणि एप्रिलपर्यंत रानफुले फुललेली असतात. पाहुणे उन्हाळ्यातच येणार असतील तर माइन हिलचा हट्ट सोडून न्यू अल्माडेन ट्रेलच्या सावलीत दोन मैल जाऊन परतावे. पाणी घरून न्यावे आणि पॉयझन ओकसाठी लांब बाह्यांचा सदरा घालावा. गुडघेवाल्यांनी खाली न्यू अल्माडेन गावात, १८५४ सालच्या कासा ग्रांदे या मॅनेजराच्या वाड्यात आता खाणीचे वस्तुसंग्रहालय आहे तेथे थांबावे. ते कोणत्या वारी उघडे असते हे आधी पाहून ठेवावे. पार्काचे फाटक सकाळी ८ वाजता उघडते आणि सूर्यास्ताला बंद होते; मधल्या वेळात घरून केव्हा निघायचे, ते मात्र आपल्या आपल्या घरच्या काकूंना विचारून ठरवावे.